आधी फोन बघा, मग सर्व्हर ठरवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

संस्थांनी ईमेल मोठ्या कंपनीकडून घ्यावा की स्वतःचा सर्व्हर चालवावा, यावर आपल्या पुरवणीत दोन बाजूंचे दोन लेख आले. दोन्ही मी पेन्सिल हातात घेऊन वाचले. एकाने मालकी आणि गुप्ततेचा मुद्दा लावून धरला, दुसऱ्याने देखभालीचा व्याप मांडला. दोघांचंही पुष्कळसं पटलं. पण मेल टेबलावरच्या संगणकावरच वाचला जातो असं दोघांनीही गृहीत धरलेलं दिसलं. फोनचा उल्लेख एका लेखात एकदा, दुसऱ्यात नाहीच. आमच्याकडच्या बेचाळीस माणसांपैकी अडतीस जणींना टेबलच नाही. त्यांच्या वतीने हे पत्र.

मी एका शुश्रूषा संस्थेत कार्यालयाचं काम बघते. आमच्या सिस्टर रुग्णांच्या घरी जाऊन ड्रेसिंग करतात, इंजेक्शनं देतात, कॅथेटर बदलतात, अंथरुणाला खिळलेल्यांची निगा राखतात. सकाळी निघतात त्या थेट संध्याकाळी घरी. ऑफिसात महिन्यातून एखाद्या वेळी येतात. भेटींची यादी, रुग्णालयाकडून आलेला डिस्चार्जचा कागद, डॉक्टरांनी बदललेला डोस, सगळं मेलने जातं. चॅटच्या ग्रुपवर का टाकत नाही, असं मला नेहमी विचारतात. रुग्णालयं कागद मेलनेच पाठवतात, आणि कुणाच्या अंगावरच्या जखमेचा फोटो अडतीस जणींच्या ग्रुपवर जाऊ नये, ही दोन कारणं मला पुरेशी वाटतात.

नऊ वर्षं आमचा मेल आमच्याच सर्व्हरवर होता. गेली तीन वर्षं तो एका मोठ्या सेवेकडे आहे. दोन्हीकडचा अनुभव गाठीशी आहे म्हणून लिहायचं धाडस करते. मी इंजिनिअर नाही. ज्यांनी सर्व्हर उभा केला ते गृहस्थ चौथ्या वर्षी नोकरी सोडून गेले आणि जाताना एक निळी वही माझ्या हातात देऊन गेले. मेल पाठवणारं-घेणारं पोस्टफिक्स कुठे, पेटीतला मेल फोनला देणाऱ्या डव्हकॉटची फाइल कुठली, काय बंद पडलं तर काय टाइप करायचं, सगळं सुवाच्य अक्षरात लिहिलेलं. त्या वहीच्या भरवशावर मी पाच वर्षं काढली. त्यांचं काम उत्तम होतं, हे आधीच सांगते. सर्व्हर सपशेल बंद पडला असं फार क्वचित झालं. बिघाड व्हायचा तो सर्व्हर आणि फोन यांच्या मधल्या वाटेवर.

एक रविवार सांगते. सर्व्हरची ओळख पटवणारं सर्टिफिकेट आम्ही लेट्स एन्क्रिप्ट या अशी सर्टिफिकेटं देणाऱ्या संस्थेकडून घेत होतो. त्याची मुदत ९० दिवसांची, आणि ते आपोआप नवं होतं. त्या वेळीही झालं होतं. नवं सर्टिफिकेट डिस्कवर येऊन पडलं, पण ते पुन्हा वाचून घे असं डव्हकॉटला कुणी सांगितलं नाही, त्यामुळे तो जुनंच पुढे करत राहिला. शनिवारी मध्यरात्री जुन्याची मुदत संपली. एरवी ऑफिसातल्या संगणकावर हे लगेच कळलं असतं, पण रविवारी ऑफिसात कुणी नव्हतं. सिस्टरांच्या फोनवर मात्र सकाळपासून एक चौकट उघडत होती: या सर्व्हरची ओळख पटवता येत नाही, पुढे जायचं का? निम्म्या जणींनी घाईत ‘हो’ दाबलं. उरलेल्यांनी घाबरून ‘नाही’ दाबलं आणि त्यांचा मेल गुपचूप थांबला. गुपचूप हा शब्द मुद्दाम वापरते आहे. मेल आलाच नाही आणि मेल येऊच शकत नाही, या दोन गोष्टी फोनवर अगदी सारख्या दिसतात. एका सिस्टरला शनिवारी रात्री बदललेला इन्सुलिनचा डोस कळलाच नाही. ती शुक्रवारची यादी घेऊन रुग्णाकडे गेली. घरातल्या मुलाने डॉक्टरांची नवी चिठ्ठी पुढे केली म्हणून सुई टोचण्याआधी फरक लक्षात आला. त्या मुलाचे मी आजही मनोमन आभार मानते.

आणि ज्यांनी ‘हो’ दाबलं त्यांचं काय? त्यांचं काम त्या दिवशी चाललं, पण मला जास्त काळजी त्यांचीच वाटली. अशी चौकट आली की ‘हो’ म्हणायचं, ही सवय मी माझ्या चुकीने त्यांना लावली. उद्या एखाद्या अनोळखी वायफायवर खरोखरचा तोतया सर्व्हर समोर आला, तर त्यालाही त्या पासवर्ड देऊन मोकळ्या होतील. सोमवारी एकेकीला फोन करून मी हे समजावलं. बोलण्यात दुपार गेली.

मेल फोनवर पोचतो म्हणजे नेमकं काय होतं, हे लेखांत आलं नाही. ते थोडं विस्ताराने लिहिते, कारण आमच्या सगळ्या अडचणींचं मूळ तिथे होतं. सर्व्हरवरचा मेल वाचण्याची आयमॅप ही पद्धत मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात आखली. तेव्हाचा संगणक वायरने जोडलेला, विजेवर चालणारा आणि एका जागी बसलेला. नवा मेल आल्याची खबर सर्व्हरने आपणहून द्यावी म्हणून १९९७ मध्ये तिला आयडल नावाची जोड मिळाली. त्यात मेल ॲप सर्व्हरशी लाइन उघडी ठेवून बसतं आणि मेल आला की सर्व्हर त्या लाइनवर हाक मारतो. लाइन मरगळली समजून सर्व्हरने ती तोडू नये म्हणून जास्तीत जास्त दर २९ मिनिटांनी ती ताजी करावी, असा त्या नियमात सल्ला आहे. टेबलावरच्या संगणकाला यात काहीच जड नाही.

फोनचं तसं नाही. बॅटरी पुरावी म्हणून तो सारखा झोपत असतो. अँड्रॉइडमध्ये २०१५ च्या सहाव्या आवृत्तीपासून डोझ नावाची सोय आहे. स्क्रीन बंद करून फोन बराच वेळ हलवला नाही, की ॲपचं नेटवर्क बंद होतं आणि अधूनमधून थोडा वेळ उघडतं. आयफोनचं स्वतःचं मेल ॲप तर साध्या आयमॅप खात्यासाठी अशी लाइन मागे उघडी ठेवतच नाही. ठरलेल्या अंतराने जाऊन बघून येतं. मग मोठ्या सेवांचा मेल लगेच कसा वाजतो? प्रत्येक फोन आपल्या सिस्टिमच्या कंपनीशी, म्हणजे गूगलशी किंवा अ‍ॅपलशी, एकच लाइन उघडी ठेवतो आणि सगळ्या ॲपचे निरोप त्या एका लाइनवरून येतात. त्या लाइनवर निरोप टाकायचा अधिकार ॲप बनवणाऱ्याकडे असतो. आमच्यासारख्यांनी स्वतः चालवलेल्या सर्व्हरला तिथे सहसा थेट प्रवेश नसतो. सर्व्हर पूर्ण माझ्या ताब्यात असला तरी शेवटची पायरी माझ्या ताब्यात नाही, हे मला सातव्या वर्षी समजलं. सर्व्हर स्वतःचा असेल तर सगळं स्वतःच्या हातात राहतं, हे आपल्या एका लेखकाचं वाक्य मला म्हणूनच खटकलं.

हे समजलं ते एका सिस्टरमुळे. तिचा तक्रारीचा सूर ठरलेला: “ताई, यादी रात्री येते हो, दिवसभर काहीच येत नाही.” आम्ही तिची यादी दुपारी चारला पाठवत होतो. सर्व्हरच्या नोंदीत चार वाजून काही सेकंदांनी मेल तिच्या पेटीत पडलेला दिसायचा. शेजारी बसलेल्या दुसरीच्या फोनवर तो त्याच मिनिटाला यायचा. शेवटी मी तिचा फोन हातात घेऊन सेटिंग उघडलं. मेल आणण्याच्या वेळेपुढे ‘आपोआप’ हा पर्याय निवडलेला होता. त्याचा अर्थ आम्ही दोघी ‘आला की लगेच’ असा धरून चाललो होतो. खरा अर्थ असा होता: फोन चार्जिंगला लावलेला आणि वायफायवर असेल तेव्हाच ॲपने मागच्या मागे मेल आणावा. ती दिवसभर बाहेर. तिचा फोन चार्जरला आणि घरच्या वायफायला एकदमच लागायचा, रात्री साडेनऊला. मी ‘दर १५ मिनिटांनी’ हा पर्याय लावला. बॅटरी थोडी लवकर उतरू लागली, पण यादी दुपारीच मिळू लागली.

यावर उपाय नाही असं नाही. मायक्रोसॉफ्टची अ‍ॅक्टिव्हसिंक ही पद्धत फोनसाठीच बनलेली आहे. २००५ पासून तिच्यात मेल आल्या आल्या ढकलण्याची सोय आहे, आणि २००८ मध्ये आयफोननेही ती घेतली. स्वतःच्या सर्व्हरवर ती लावायची तर झेड-पुश नावाचं मुक्त सॉफ्टवेअर मिळतं. आम्ही लावलं, ते चाललंही. पण निळ्या वहीत नसलेली आणखी एक गोष्ट सांभाळायची जबाबदारी माझ्यावर आली. अँड्रॉइडवर आयडल नीट पाळणारं ॲप हवं असेल तर के-नाइन मेल होतं. २०२४ पासून त्याचाच अवतार थंडरबर्ड या नावाने मिळतो. त्याला बॅटरी बचतीतून सूट द्यावी लागते, नाहीतर फोन त्यालाही झोपवतो. अडतीस फोन, त्यांत कितीतरी वेगवेगळी मॉडेलं, प्रत्येकात ही सूट वेगळ्या कोपऱ्यात दडलेली.

एकदा तर माझं धाबंच दणाणलं. सर्व्हरच्या नोंदी चाळताना एका सिस्टरच्या नावाने पहाटे तीनला लॉगिन झालेलं दिसलं, तेही भलत्याच नेटवर्कवरून. मग चारला, मग पाचला. खातं फोडलं असं समजून मी ताबडतोब पासवर्ड बदलला. सकाळी तिला विचारलं तर ती शांत झोपलेली होती. दोन दिवस शोध घेतल्यावर कळलं, की तिने दिसायला छान असं एक मेल ॲप घेतलं होतं, आणि ते ॲप तिचा पासवर्ड आपल्या कंपनीच्या सर्व्हरवर ठेवून तिथून आमचा मेल वाचत होतं. मेल लगेच वाजावा म्हणूनच ही व्यवस्था, फसवणूक नव्हे. पण रुग्णांचे कागद बाहेर जाऊ नयेत म्हणून आम्ही स्वतःचा सर्व्हर जिवापाड सांभाळत होतो, आणि ते कागद एका तिसऱ्याच कंपनीकडे रोज जात होते. तिला त्याची कल्पना नव्हती, मलाही नव्हती. सर्व्हर कुणाचा हे विचारणाऱ्यांनी फोनवर ॲप कुठलं हेही त्याच दमात विचारावं, अशी माझी कळकळ आहे.

पाठवण्याच्या बाजूचे हाल थोडक्यात सांगते. सुरुवातीला आमचा सर्व्हर फक्त ऑफिसच्या नेटवर्कवरून आलेला मेल बाहेर सोडायचा. टेबलापुरतं ते ठीक होतं. फोनवर मेल यायचा आणि उत्तर मात्र आउटबॉक्समध्ये अडकून बसायचं. पासवर्डसह पाठवण्याचा ५८७ क्रमांकाचा पोर्ट, म्हणजे सर्व्हरचं त्यासाठीचं दार, उघडल्यावर ते सुटलं. रुग्णालयांकडे जाणारा आमचा मेल स्पॅममध्ये पडायचा, तो प्रश्न जास्त चिवट होता. मेल खरोखर आमचाच आहे हे पटवणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या तिन्ही नोंदी डोमेनवर, म्हणजे ईमेलमध्ये @ च्या पुढे येणाऱ्या आमच्या नावावर, लावल्या, आयपी पत्त्यावरून (इंटरनेटवरच्या सर्व्हरच्या क्रमांकावरून) उलट नाव शोधता येईल अशी नोंद करून घेतली, तरी आठवडाभर सुधारणा नाही. शेवटी कळलं की आमच्या शेजारचे आयपी पत्ते स्पॅमसाठी बदनाम होते आणि त्या बदनामीत आम्हीही ओढले गेलो. हा चाळणीचा जाच पुढे वाढतच गेला आहे. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले. मोठ्या संख्येने (गूगलच्या हिशेबात जीमेलवर दिवसाला ५००० किंवा जास्त) मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही नोंदी सक्तीच्या झाल्या, आणि आमच्यासारख्या छोट्यांनाही निदान एसपीएफ किंवा डीकेआयएम लागतंच.

एका भीतीबद्दल मात्र आपल्या वाचकांना दिलासा द्यायला हवा. सर्व्हर एखादा दिवस बंद राहिला तर त्या दिवसाचा मेल हरवतो, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. पाठवणारा सर्व्हर लगेच हार मानत नाही. निदान चार-पाच दिवस प्रयत्न करत राहावं, असं एसएमटीपीच्या, म्हणजे सर्व्हरने सर्व्हरला मेल पोचवण्याच्या पद्धतीच्या, नियमांत सांगितलेलं आहे. आमचा सर्व्हर एकदा डिस्क भरून सव्वा दिवस बंद होता. चालू केल्यावर सगळा मेल ओळीने आत आला. अर्थात इन्सुलिनचा बदललेला डोस सव्वा दिवसाने मिळून काय उपयोग, हा प्रश्न आमच्या कामाचा आहे. ज्यांचं काम दोन दिवस थांबू शकतं त्यांनी एवढ्या एका भीतीपोटी स्वतःचा सर्व्हर सोडू नये.

मी सोडला तो दुसऱ्या भीतीने. मार्च २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंज या मेल सर्व्हरच्या सॉफ्टवेअरमधल्या चार त्रुटींची बातमी आली. संस्थांनी आपल्या जागेत चालवलेले हजारो सर्व्हर त्यातून फोडले गेले. त्याच कंपनीच्या ऑनलाइन सेवेवर असलेल्यांना त्या त्रुटींची झळ बसली नाही. आमचं सॉफ्टवेअर वेगळं होतं, त्यामुळे आम्हाला काही झालं नाही. पण बातमी वाचून मी निळी वही उघडली आणि आमच्या सर्व्हरवर शेवटचं अपडेट कधी केलं ते पाहिलं. पाच महिने होऊन गेले होते. मी आळशी नाही. महिनाअखेरीचे पगार, रजा, औषधांची नोंद, नव्या सिस्टरांच्या मुलाखती, यांतून ते राहून गेलं. ज्या कामासाठी माणूस नेमलेला नाही ते काम राहून जातंच. अडतीस जणींच्या फोनमधल्या रुग्णांच्या कागदांची राखण मी उरलेल्या वेळात करत होते, हे त्या रात्री मला स्वच्छ दिसलं. दुसऱ्या दिवशी मी संचालकांना सांगितलं, की एक तर यासाठी दोन माणसं द्या, नाहीतर हे दुसऱ्याकडे सोपवू. एक नाही, दोन. एकटा माणूस आजारी पडतो, गावाला जातो, नोकरी सोडतो. दोन माणसं मिळण्यासारखी नव्हती.

मोठ्या सेवेकडे गेल्यावर फोनवर मेल वेळेवर येऊ लागला. सर्टिफिकेटची काळजी गेली, स्पॅमची तक्रार जवळजवळ संपली. पण तिथे सगळं सुखाचं आहे असं मी म्हणणार नाही. तिसऱ्याच महिन्यात एका सिस्टरचं खातं सेवेनेच बंद केलं. ती दिवसभरात मोबाइल डेटा, रुग्णालयाचं वायफाय, रुग्णाच्या घरचं वायफाय अशा पाच-सहा ठिकाणांहून मेल बघायची. सुरक्षेच्या यंत्रणेला ते संशयास्पद वाटलं. स्वतःच्या सर्व्हरवर मी दोन मिनिटांत खातं उघडलं असतं. इथे फॉर्म भरा, उत्तराची वाट बघा, पुन्हा तेच सांगा. दीड दिवस गेला. तेवढा वेळ तिला याद्या फोनवर वाचून दाखवल्या, तिने त्या पाटीवर उतरवल्याप्रमाणे हातावर लिहून घेतल्या. बोलायला माणूस न मिळणं म्हणजे काय, ते त्या दीड दिवसात कळलं.

जुन्या फोनांचा प्रश्न वेगळाच. नुसत्या नाव-पासवर्डवर मेल देणं मोठ्या सेवांनी बंद करत आणलं आहे. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२२ पासून आपल्या ऑनलाइन एक्स्चेंजवर ते टप्प्याटप्प्याने बंद केलं. सुरक्षेच्या दृष्टीने हे योग्यच आहे. पण आमच्या सहा सिस्टरांच्या फोनमधलं जुनं मेल ॲप नवी पद्धत ओळखेना. त्यांचे फोन चांगले चालू होते, त्यांना नवं ॲप टाकून पहिल्यापासून शिकवावं लागलं.

आणि एक प्रसंग माझ्या मनात घर करून आहे. नवं खातं जोडताना एका सिस्टरच्या फोनवर परवानगी मागणारी पाटी आली: प्रशासकाला या फोनवरचा सगळा डेटा दुरून पुसता येईल. तिने फोन माझ्यापुढे धरला आणि विचारलं, “ताई, सगळा म्हणजे माझ्या मुलीचे फोटोपण?” मी सेवेची माहिती वाचून काढली. हो, त्या पद्धतीने खातं जोडलं तर फोन हरवल्यावर मी जो हुकूम देईन त्याने सगळा फोन कोरा होऊ शकत होता. फोन तिचा, तिच्या पगारातून घेतलेला. तो कोरा करण्याचा अधिकार मला असू नये, असं ती म्हणाली आणि तिचं बरोबर होतं. फक्त संस्थेचं खातं पुसून बाकी फोनला हात न लावण्याची सोय असते, ती शोधून आम्ही तीच सगळ्यांना लावली, आणि तसं लेखी प्रत्येकीच्या हातात दिलं. माणसांच्या खाजगी फोनवर संस्थेचा मेल देणाऱ्या प्रत्येकाने खातं जोडण्याआधी हे स्पष्ट करावं. पाटीवर ‘मान्य’ दाबून घेणं म्हणजे संमती घेणं होत नाही.

मोठी सेवा म्हणजे अभेद्य, हेही खरं नाही. मेल फोनवर तत्काळ ढकलण्याची ओळख जगाला करून दिली ती ब्लॅकबेरीने. पण सगळा मेल त्या एका कंपनीच्या केंद्रांतून जात असल्यामुळे ऑक्टोबर २०११ मध्ये तिथे बिघाड झाला आणि अनेक खंडांतल्या लोकांचे फोन काही दिवस मुके झाले. याहूची २०१३ मध्ये झालेली चोरी सगळ्या तीन अब्ज खात्यांना लागू होती, हे २०१७ मध्ये बाहेर आलं. डिसेंबर २०२२ मध्ये रॅकस्पेस या कंपनीच्या भाड्याने दिलेल्या एक्स्चेंज सेवेवर खंडणीखोरांचा हल्ला झाला आणि कंपनीने ती सेवा पुन्हा उभी केलीच नाही. ग्राहकांना दुसरीकडे जावं लागलं.

त्या वेळी कोण कसं सावरलं असेल, याचा मी खूप विचार केला. सेवा बुडाली तरी ज्याच्या हातात आपलं डोमेन आहे त्याला दार बदलता येतं. मेल कुठल्या सर्व्हरवर पोचवायचा हे डोमेनच्या एमएक्स नोंदीत लिहिलेलं असतं. आम्ही स्थलांतर केलं तेव्हा ती एक नोंद बदलली, जुना मेल आयमॅपसिंक या मेल हलवणाऱ्या सॉफ्टवेअरने पेटीमागून पेटी नव्या जागी उतरवला, आणि रुग्णालयांना काही कळवावंही लागलं नाही. पत्ता तोच राहिला. पत्त्यातल्या @ च्या पुढे सेवेचंच नाव असेल, तर हे करता येत नाही. पत्ता त्यांचा, आपण फक्त वापरणारे.

आमचं डोमेनसुद्धा हातातून जाता जाता वाचलं, हे कबूल करते. नूतनीकरणाच्या सूचना निळी वही देऊन गेलेल्या गृहस्थांच्या जुन्या खाजगी पत्त्यावर जात होत्या. तो पत्ता ते बघत नव्हते. मुदत संपायला अकरा दिवस उरले असताना, स्थलांतराची तयारी करताना, हे माझ्या लक्षात आलं. आता डोमेनचं खातं संस्थेच्या नावावर आहे, दोघींना त्याचा पासवर्ड माहीत आहे, आणि त्याच्या सूचना वेगळ्या सेवेवरच्या पत्त्यावर येतात. डोमेनच्या खात्याला त्याच डोमेनचा ईमेल दिला, तर डोमेन बंद पडल्यावर सूचना यायची ती वाटही बंद होते.

दुसरी गोष्ट मेलच्या प्रतीची. एका सिस्टरने फोन भरला म्हणून तिच्या पेटीतला दोन वर्षांचा मेल निवडून पुसून टाकला. तिला वाटलं फोनमधून गेला, सर्व्हरवर आहेच. आयमॅपमध्ये दोन्हीकडे एकच पेटी असते. फोनवरून पुसलेलं सगळीकडून जातं. कचऱ्याच्या फोल्डरची मुदत उलटून गेल्यावर तिने सांगितलं. आम्ही दर महिन्याला संपूर्ण मेलची प्रत वेगळ्या डिस्कवर घेतो, म्हणून ते कागद परत मिळाले. सेवा मोठी आहे म्हणून ही प्रत घेणं मी सोडलेलं नाही, आणि इतरांनीही सोडू नये.

माझं मत विचाराल तर, ज्यांच्याकडे सर्व्हरसाठी दोन जाणती माणसं आहेत आणि कागद दुसऱ्याकडे न देण्याचं ठोस कारण आहे, त्यांनी स्वतःचा सर्व्हर जरूर चालवावा. मी अशा लोकांचा फार आदर करते. सगळ्या जगाचा मेल चार कंपन्यांच्या कपाटांत जाऊन बसणं मला मुळीच आवडत नाही. आमच्यासारख्या, माणसं बाहेर आणि सर्व्हर बघायला कुणी नाही अशा संस्थांनी मात्र सेवा घ्यावी, आणि डोमेन व प्रत स्वतःकडे ठेवावी. हे ठरवण्याआधी आपली माणसं फोन कुठला वापरतात, ॲप कुठलं वापरतात, दिवसातून कितीदा चार्जरजवळ असतात, हे विचारून घ्यावं. आम्ही ते नवव्या वर्षी विचारलं.

नवी सिस्टर रुजू झाली की मी आता एक चाचणी करते. तिच्या फोनवर खातं जोडायचं, स्क्रीन बंद करायची, वायफाय काढायचं, चार्जर काढायचा आणि फोन तासभर माझ्या टेबलावर पालथा ठेवायचा. तासाने मी तिला एक मेल पाठवते आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसते. गेल्या आठवड्यात दोघी रुजू झाल्या. सेवा एकच, मेल एकच. एकीचा फोन एका मिनिटाच्या आत वाजला. दुसरीचा सत्तेचाळिसाव्या मिनिटाला. तिचं ॲप बदललं, बॅटरी बचतीतून सूट दिली, पुन्हा तासभर फोन पालथा ठेवला. मग वाजला.

आपल्या दोन्ही लेखकांना माझी विनंती आहे, की पुढच्या लेखाआधी त्यांनी आपापल्या पसंतीच्या मेलवर एवढी एक चाचणी करावी, आणि आलेली मिनिटं छापावीत.

कळावे,
आपली नम्र,
एका शुश्रूषा संस्थेतील कार्यालय व्यवस्थापक